हौसाताईंच्या नावाआधी काय लिहायचं?

२३ सप्टेंबर २०२१ रोजी हौसाताई पाटील गेल्या. वय ९५. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांचे मथळे साधारण एकाच साच्यातले होते: क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या कन्या हौसाताई यांचं निधन. मथळ्यात खोटं काही नव्हतं. नाना पाटलांची ती एकुलती लेक, आणि सातारा-सांगलीत नानांचं नाव घेतलं की पुढची ओळख द्यावी लागत नाही. मथळ्याखालच्या मजकुरात मात्र रेल्वेवरचे हल्ले, खजिन्याची लूट, पोलिस ठाण्यातल्या बंदुका आणि गोव्याच्या तुरुंगापर्यंत नेलेली चिठ्ठी अशा गोष्टी होत्या. हे सारं एखाद्या पुरुषाच्या नावावर असतं तर मथळ्याचा पहिला शब्द कोणता आला असता, हे सांगायला पत्रकार असावं लागत नाही. मराठीत वीरमाता आहे, वीरपत्नी आहे, वीरकन्या आहे. शूर माणसाशी बाईचं नातं सांगणारे शब्द आपण हौसेने घडवले. बाई स्वतः लढली असेल तर तिच्यासाठी ‘वीरांगना’ आहे खरा, पण तो शब्द इतका शोभेचा की त्यातून तिने नेमकं काय काम केलं ते कळत नाही. या लेखाचं म्हणणं साधं आहे. हौसाताई सैनिक होत्या. उपमेने किंवा गौरवापोटी नव्हे, कामाच्या नेमक्या अर्थाने. आणि त्यांच्या आयुष्यातलं आजीपण हे त्या सैनिकीपणानंतर आलेलं निवांत प्रकरण नव्हे, सैनिकीपणाची सुरुवातच तिथे होते.

सातारा जिल्ह्याला सैनिक कसा लक्षात ठेवायचा हे शिकवण्याची गरज नाही. अपशिंगे या गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ असं सरळ जोडलं जातं. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान पडले आणि त्यांचा आकडा दगडावर कोरलेला आहे. देशातल्या पहिल्या सैनिकी शाळांपैकी एक १९६१ साली साताऱ्यातच निघाली. घरोघरी फौजेतल्या माणसाचा फोटो, पदकं, पेन्शनचं पुस्तक, पलटणीचं नाव. या भागातली सैनिकाची आठवण कागदाने, धातूने आणि दगडाने पक्की झालेली असते. नंबर असतो, हुद्दा असतो, भरतीची तारीख असते. नेमकं हेच सगळं भूमिगत सेनेकडे नसतं. नसावंच लागतं, कारण ज्या सेनेची यादी सापडते ती सेना आठवड्याभरात तुरुंगात असते. त्यामुळे याच मातीत १९४३ ते १९४६ या काळात एक दुसरी सेना उभी राहिली, लढली आणि विसर्जित झाली, तेव्हा तिच्या शिपायांच्या हाती नंतर दाखवायला फारसं काही उरलं नाही. त्यातही बायकांच्या हाती सर्वांत कमी.

या सेनेचं नाव तुफान सेना, आणि ती ज्या राज्याची होती त्याचं नाव प्रतिसरकार. तेव्हाचा सातारा जिल्हा आजच्या सांगलीचा मोठा भाग पोटात घेऊन होता. १९४९ साली त्याचे उत्तर आणि दक्षिण असे भाग पडले आणि दक्षिण साताऱ्याला ‘सांगली’ हे नाव १९६० साली मिळालं. १९४२च्या सप्टेंबरात इथे कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. वडूजला ९ तारखेला गोळीबारात परशुराम घार्गे आणि त्यांचे साथीदार पडले. दुसऱ्या दिवशी इस्लामपुरात उमाशंकर पंड्या आणि विष्णू बारपटे पडले. उघड्या छातीने मोर्चा काढला की समोरून गोळी येते, हे दोन दिवसांत कळल्यावर चळवळ जमिनीखाली गेली. पुढच्या वर्षी ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ यांच्या नेतृत्वाखाली पगाराची रोकड नेणारी गाडी अडवून लुटली गेली. २४ जुलैला वसंतदादा पाटील आणि त्यांचे सोबती सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. त्या धावपळीत अण्णासाहेब पत्रावळे आणि त्यांचे एक साथीदार यांना गोळ्या लागल्या. या साऱ्याला भूगोलाचीही साथ होती. ब्रिटिश मुलूख आणि संस्थानांचे तुकडे इथे गोधडीच्या ठिगळांसारखे एकमेकांत शिवलेले होते. चळवळीचं मुख्य ठाणं असलेलं कुंडल औंध संस्थानात होतं. एका हद्दीत कारवाई करून ओढा ओलांडला की दुसऱ्याच राजाचा मुलूख. आणि प्रतिसरकार म्हणजे काही नुसती लूटमार नव्हती. गावोगाव न्यायदान मंडळं बसत, तंटे मिटवले जात, सावकार आणि दरोडेखोर यांना वेसण घातली जाई, बायको टाकून देणाऱ्याला जाब विचारला जाई, कमी खर्चाचे गांधी विवाह लावले जात. किती गावांत हे राज्य चाललं याचे आकडे दीडशेपासून सहाशेपर्यंत दिले जातात. कमीत कमी आकडा धरला तरी तीन वर्षं चाललेलं ते एक सरकार होतं.

आता त्या सरकारच्या प्रमुखाच्या घरात डोकवावं लागेल. नाना पाटलांनी १९३०च्या चळवळीत तलाठ्याची नोकरी सोडली. लेक तीन वर्षांची असताना तिची आई वारली होती. बाप आधी तुरुंगात, मग ४२पासून सुमारे ४४ महिने भूमिगत. म्हणजे त्यांच्या येडेमच्छिंद्र गावच्या घरात माणसं उरली दोन, आजी आणि नात. ब्रिटिश सरकारने घरादारावर आणि शेतावर जप्ती आणली. गाव वाईट नव्हतं, भ्यालेलं होतं. नाना पाटलांच्या घराशी बोललं की पोलिस दारात, म्हणून कोणी कामाला बोलवेना, कोणी जवळ करेना. मामाने बैलजोडी आणि गाडी दिली, त्या गाडीच्या भाड्यावर दोघींची चूल पेटू लागली. गूळ, शेंगा, ज्वारी भरायची आणि बाजाराच्या गावाला पोचवायची. ही हकिगत सहसा ‘हालअपेष्टा’ या एका शब्दात उरकली जाते. युद्धाच्या हिशोबात तिचं नाव वेगळं आहे. सेनापती मैदानात टिकायचा तर शत्रूने त्याच्या घराला घातलेला वेढा घराने सोसावा लागतो. घर शरण गेलं असतं, म्हाताऱ्या आईने लेकाला निरोप धाडला असता की बाबा, ये परत, तर काय झालं असतं? जप्तीचा सगळा हेतूच तो होता. वेढा घरातल्या म्हातारीवर होता आणि तो तिने मोडून काढला. हौसाताईंना शिस्त, गप्प राहणं आणि भीती गिळणं शिकवणारी पहिली छावणी आजीची होती. त्यामुळे ‘आधी लढवय्यी, मग प्रेमळ आजी’ असं त्यांचं आयुष्य दोन कप्प्यांत मांडलं की पहिलाच दुवा निसटतो.

भवानीनगरच्या पोलिस ठाण्याचा प्रसंग आता बऱ्याच जणांना माहीत आहे. पत्रकार पी. साईनाथ यांनी तो हौसाताईंच्या तोंडून नोंदवून घेतला आणि २०२२ साली आलेल्या त्यांच्या ‘द लास्ट हीरोज’ या पुस्तकातही हौसाताई आहेत. (त्या पुस्तकाच्या उपशीर्षकाने या माणसांना स्वातंत्र्याचं पायदळ म्हटलं आहे, हे इथे सांगून ठेवतो.) ठाण्यातल्या बंदुका आणि काडतुसं पळवायची होती. आत पोलिस होते. त्यांना बाहेर काढायला नवराबायकोचं भांडण रचलं गेलं. हौसाताई बायको, एक साथीदार नवरा. रस्त्यात तो तिला खरोखरीच बडवू लागला, मोठा धोंडा उचलून डोकं ठेचायची भाषा करू लागला. पोलिस भांडण सोडवायला बाहेर आले आणि इतरांनी आतलं काम उरकलं. ही गोष्ट ऐकून लोक हसतात, ‘काय नाटक केलं!’ म्हणतात. पण डाव टिकला कशावर ते पाहिलं पाहिजे. भर रस्त्यात नवरा बायकोला गुरासारखा मारतो आहे, हे दृश्य पोलिसांना संशयास्पद वाटलंच नाही. त्यात त्यांना चळवळ दिसली नाही, रोजचा संसार दिसला. सैनिक हिरवा-तपकिरी वेश घालतो तो आजूबाजूच्या झाडीत मिसळून जाण्यासाठी. हौसाताईंनी जे पांघरलं ते आजूबाजूच्या समाजात मिसळून जाणारं होतं, आणि त्या समाजाचा रंग असा होता. वेशांतराची किंमत त्यांनी पाठीवर मोजली. मार खोटा असता तर डाव फसला असता, म्हणजे हाती शस्त्र नसलेल्या एका शिपायाने शस्त्रं मिळवण्यासाठी स्वतःचं अंग पुढे केलं. जे प्रतिसरकार बायकोला छळणाऱ्या नवऱ्याला शिक्षा करत होतं, त्यालाच बंदुकांसाठी त्याच छळाचं सोंग आणावं लागलं, ही विसंगतीही नोंदण्याजोगी आहे. मला ती चळवळीच्या विरोधात जाणारी वाटत नाही. चळवळ कोणत्या जमिनीवर उभी होती, ते त्यातून दिसतं.

दुसरी कामगिरी १९४४ची, गोव्यातली. ब्रिटिश मुलखात हत्यारं मिळणं अवघड, म्हणून ती पोर्तुगीज हद्दीतून आणली जात. त्या कामातले बाळ जोशी पकडले जाऊन पणजीच्या तुरुंगात होते. त्यांची बहीण म्हणून हौसाताई भेटायला गेल्या. सुटकेची योजना लिहिलेला कागद अंबाड्यात होता. परतताना नेहमीच्या वाटेवर पहारा बसल्याने रानातून चालावं लागलं, आणि मांडवी ओलांडायला होडी नव्हती. रात्रीच्या अंधारात लाकडी पेटीवर पडून, बाजूने पोहणाऱ्या साथीदारांच्या आधाराने त्या पार झाल्या. शत्रूच्या मुलखात खोट्या ओळखीने शिरणं, कैद्यापर्यंत संदेश पोचवणं, पकडलं न जाता परतणं. जगातल्या कोणत्याही फौजेत या कामाला नाव असतं, त्यासाठी वेगळं खातं असतं आणि ते करणाऱ्याला पदकाची शिफारस होते.

यावर पहिला आक्षेप येतो तो व्याख्येचा. गणवेश नाही, हुद्दा नाही, शपथ नाही, मग सैनिक कसला? असा शब्द ढिला सोडला तर सीमेवर उभ्या असलेल्या जवानाचा मान कमी होत नाही का? आक्षेप हलका नाही, पण आपण तो सगळ्यांना सारखा लावत नाही. रामचंद्र लाड हे शंभरीला पोचून २०२२ साली वारले तेव्हाही सगळे त्यांना कॅप्टन भाऊच म्हणत होते. तो हुद्दा कोणत्या सैनिकी अकादमीने दिला होता? तुफान सेनेने दिला आणि लोकांनी मानला. म्हणजे त्या सेनेला हुद्दे देण्याचा अधिकार होता हे आपण पुरुषांच्या बाबतीत केव्हाच मान्य करून बसलो आहोत. दुसरं उदाहरण आझाद हिंद सेनेतल्या झाशीची राणी रेजिमेंटचं. १९४३मध्ये सिंगापूरला उभ्या राहिलेल्या त्या पलटणीच्या लक्ष्मी सहगल अखेरपर्यंत कॅप्टन लक्ष्मीच राहिल्या. ती सेनाही कोणत्या मान्य राष्ट्राच्या सरकारी दप्तरात नव्हती, स्वतंत्र भारताने तिच्या जवानांना लष्करात परत घेतलं नाही, तरी त्या सैनिक होत्या याबद्दल कोणाला शंका नाही. फरक पडला तो गणवेशातल्या फोटोने. सिंगापूरला गणवेश होता, साताऱ्यात नऊवारी होती. आणि नऊवारी हाच गणवेश होता, कारण त्या रणांगणावर तोच चालणार होता.

गंमत म्हणजे आपल्या भाषेने हा निकाल कधीच देऊन ठेवला आहे. इतर कोणी काय म्हणो, मराठीत अशा माणसाला स्वातंत्र्यसैनिक म्हणतात. शब्द इतका वापरून गुळगुळीत झाला आहे की त्यातला ‘सैनिक’ आपल्या कानाला लागत नाही. सरकारने मात्र तो मोजायला घेतला आणि मापात घोळ झाला. १९७२ साली स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवात केंद्राने निवृत्तिवेतनाची योजना आणली, १९८०मध्ये तिची व्याप्ती वाढवली. पात्रतेची मुख्य कसोटी तुरुंगवासाची, सहा महिने, बायकांसाठी तीन महिने. भूमिगतांसाठी वेगळी वाट होती, पण तिथे फरारी जाहीर झाल्याचा, डोक्यावर बक्षीस लागल्याचा किंवा अटकेचा हुकूम निघाल्याचा पुरावा हवा. बायकांना तीन महिन्यांची सवलत ठेवणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण कसोटीचा गाभा पाहा. ज्याला शत्रूने पकडलं किंवा निदान ओळखलं, तो सैनिक. अंबाड्यातून चिठ्ठी नेणारीचं सगळं कसब तर न ओळखलं जाण्यात. जी निरोप्या कधी पकडली गेली नाही, जिच्या नावाचं वॉरंट निघालं नाही कारण ती कोणाला संशयास्पद वाटलीच नाही, ती आपल्या कामात सर्वांत निपुण आणि कागदावर सर्वांत शून्य. जी बाई रात्री उसाच्या फडात भाकरीचं गाठोडं पोचवत होती, जिने कडब्याच्या गंजीत बंदूक लपवली, तिचा पुरावा तर तिनेच मिटवला होता. हौसाताईंच्या गोष्टी त्या नव्वदीपर्यंत जगल्या आणि कोणीतरी विचारायला गेलं म्हणून आपल्याला माहीत झाल्या.

इथे दुसरा आक्षेप उभा राहतो. सत्तर-बहात्तर वर्षांनी सांगितलेल्या आठवणीवर किती विसंबायचं? नव्वदीतली स्मृती रंग भरते, प्रसंग एकमेकांत मिसळते, आणि शूर बापाच्या लेकीभोवती दंतकथा सहज जमते. हे सगळं मान्य. कोणी उद्या म्हणालं की ठाण्यातून गेलेल्या बंदुकांची संख्या वेगळी होती, किंवा तारीख जुळत नाही, तर त्यावर भांडू नये, कागद शोधावा. पण हाच संशय शेणोलीच्या लुटीवर, तुरुंग फोडण्यावर, चिमठाण्याला लुटलेल्या सरकारी खजिन्यावर कोणी घेत नाही. त्यांचेही बारकावे बहुतांशी भाग घेणाऱ्यांच्याच तोंडून आले आहेत. सरकारी दप्तरात घटना असते, ती कोणी कशी घडवली ते नसतं. ते सांगणारे पुरुष चौकात, सभेत, आत्मचरित्रात सांगत राहिले. त्यांची आठवण दर वर्षी घासून पुसून ताजी झाली, तिला साक्षीदार जमले. बायकांनी सांगितलं चुलीपाशी, नातवंडांना. म्हणजे या इतिहासाचं दप्तर सांभाळलं कोणी असेल तर आज्यांनी, आणि त्यांनी ते सांभाळलं ‘गोष्ट’ या नावाखाली. ऐकणारी नातवंडं वाळव्याची असोत, कडेगावची वा खटावची, त्यांना ती झोपण्याआधीची गंमत वाटली असेल. आजीपणाचा हा दुसरा अर्थ मला हौसाताईंना घडवणाऱ्या त्या पहिल्या आजीइतकाच महत्त्वाचा वाटतो. गाडीच्या भाड्यावर नातीला जगवणारी आजी लढ्याचा तळ होती. पुढे नात स्वतः आजी होते, तेव्हा तीच लढ्याचं अभिलेखागार होते. प्रेम त्यात होतंच, पण त्या प्रेमाचं काम नुसतं दुधावरची साय होणं एवढंच नव्हतं.

तिसरा आक्षेप जास्त अवघड आहे. प्रतिसरकारला लोक पत्री सरकार म्हणत, आणि त्या नावाला तळपायांवर दिलेल्या शिक्षेची आठवण चिकटलेली आहे. खबरे आणि गुंड यांच्या पायाला पत्र्या ठोकल्याच्या कथा अजून सांगितल्या जातात. चळवळीतले अनेक जण म्हणत की ठोकल्या नाहीत, तळव्यांवर काठ्या मारल्या. काही असो, मार होता. अशा चळवळीतल्या बाईला सैनिक म्हणून मिरवायचं, म्हणजे त्या शिक्षांवर पांघरूण घालायचं का? उलट आहे. ‘नाना पाटलांची धाडसी लेक’ किंवा ‘गोड म्हातारी आजी’ म्हटलं की पांघरूण पडतं, कारण गोड म्हाताऱ्यांना आपण प्रश्न विचारत नाही. सैनिक म्हटलं की तिने कोणासाठी, कोणाविरुद्ध, कोणत्या नियमांनी बळ वापरलं, हे विचारण्याचा हक्क येतो. बाईला इतिहासात जबाबदार माणूस म्हणून उभं करायचं असेल तर ती निष्पाप असल्याचा आग्रह सोडावा लागतो. कासेगावच्या इंदुताई पाटणकर विशीच्या आत घर सोडून या लढ्यात आल्या, आणि पुढे उतारवयात त्यांनी परित्यक्ता बायकांच्या हक्काचं काम उभं केलं. २०१७ साली त्या गेल्या. अशा बाईला केवळ कोणाची पत्नी, कोणाची आई, कोणाची आजी म्हणून सांगितलं, तर तिने घेतलेले निर्णय कोणाच्या नावावर मांडायचे?

हा प्रश्न आता जुन्या चळवळीपुरता राहिलेला नाही. वैद्यकीय आणि परिचर्या सेवा सोडून भारतीय सेनेच्या इतर शाखांत बायका अधिकारी म्हणून १९९२च्या योजनेपासून येऊ लागल्या. कायम कमिशनसाठी त्यांना न्यायालयात झगडावं लागलं आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला २०२०चा फेब्रुवारी उजाडला. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५मध्ये कुपवाड्यात धारातीर्थी पडले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी प्रशिक्षण पुरं करून सप्टेंबर २०१७मध्ये सेनेत अधिकारी म्हणून कमिशन मिळवलं. त्यांची पहिली ओळख ‘वीरपत्नी’ अशीच दिली गेली. ती खरी आहे आणि त्या घराला अभिमानाची आहे. पण चेन्नईच्या अकादमीत धावल्या त्या, खांद्यावरची फीत मिळवली ती त्यांनी. तीस वर्षांपूर्वी भरती झालेल्या पहिल्या तुकड्यांतल्या बायका आता आजी होण्याच्या वयात आहेत. अपशिंग्यासारख्या गावांतही पुढेमागे असं घर असेल, जिथे भिंतीवरच्या फोटोतली गणवेशातली व्यक्ती आजी असेल. ‘आजोबा फौजेत होते’ हे वाक्य सातारकर मूल सहज बोलतं. ‘आजी फौजेत होती’ हेही व्याकरणात बसतं, फक्त अजून सवयीचं झालेलं नाही. हौसाताईंच्या नातवंडांच्या पिढीला ते खरं तर केव्हाच म्हणता आलं असतं.

निवृत्त जवानाला आपण ‘माजी सैनिक’ म्हणतो. हौसाताईंना तेवढा एक शब्द लावताना अडचण येते. २०१८च्या नोव्हेंबरात देशभरातले शेतकरी दिल्लीला निघाले, तेव्हा नव्वदी ओलांडलेल्या हौसाताईंनी विट्याहून त्यांना पाठिंबा दिला आणि लोकांनी या मोर्चात उतरावं असं आवाहन केलं. शेतीमालाला भाव मिळावा, ही त्यात मागणी होती. गूळ, शेंगा आणि ज्वारी गाडीत भरून बाजाराला नेणाऱ्या त्या पोरीला हा विषय नवा नव्हता.